साठ हेक्टर झुडपी जंगल पुन्हा उभे करायचे आहे : रोपे लावावीत की आहे ते राखावे? (काटोल तालुका, जि. नागपूर)

प्रश्न : कोंढाळीकर

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमचे गाव काटोल तालुक्यात कोंढाळीच्या बाजूला असून शिवाराला लागून साधारण साठ हेक्टर झुडपी जंगल आहे. जमीन उताराची आणि मुरमाड आहे आणि बऱ्याच ठिकाणी खडक उघडा पडला आहे. म्हातारी माणसे सांगतात की येथे पूर्वी साग, धावडा, तेंदू, चार (चारोळीचे झाड) आणि मोह यांची दाट झाडी होती. आज मोहाची आणि बेहड्याची काही जुनी झाडे वगळली, तर रायमुनियाची (घाणेरीची) जाळी, तरोटा आणि गुरांनी वरचेवर खुडून ठेंगणी करून टाकलेली झुडपे एवढेच उरले आहे.

एका खासगी कंपनीने सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या) निधीतून येथे वृक्षलागवड करण्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीला दिला आहे. तीन बाय तीन मीटरवर खड्डे, म्हणजे हेक्टरी सुमारे 1,100 रोपे, भोवताली तारेचे कुंपण, पाच वर्षे संपूर्ण चराईबंदी आणि देखभालीसाठी गावातल्या काही तरुणांना मजुरी, असे त्याचे स्वरूप आहे. विहिरींना पाणी वाढेल म्हणून संत्राबागायतदारांना प्रस्ताव पसंत आहे, पण रोही (नीलगायी) आणि रानडुकरे वाढतील ही धास्तीही त्यांनाच आहे. ज्यांच्याकडे शेती नाही, फक्त शेळ्या आहेत, त्यांनी पाच वर्षे कोठे जायचे, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. सरपणासाठी रोज तेथे जाणाऱ्या बायांना तर अजून कोणी काही विचारलेलेच नाही.

माझे प्रश्न असे आहेत की अशा उथळ जमिनीत लावलेली रोपे कितपत जगतात, लागवडीखेरीज दुसरा मार्ग आहे का, आणि ज्यांची गुरे त्या जागेच्या भरवशावर आहेत त्यांना बाहेर न काढता जंगल वाढवता येते का? ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांचे मत हवे आहे. पुढच्या महिन्यात ग्रामसभेसमोर विषय येणार आहे.

उत्तर : जाळरेषा

मी वनखात्यातून निवृत्त झालो असून नोकरीचा बराच काळ नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांतील पानझडी जंगलात गेला, त्या आधारावर लिहितो.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पावसाची तशी वानवा नाही. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये येतो, उघड्या मुरमावरून धावत नाल्याला मिळतो आणि पुढचे आठ महिने झाडाला जमिनीत जे मुरले असेल त्यावर काढावे लागतात. जुलैत लावलेल्या पिशवीतल्या रोपाचे मूळ उन्हाळ्यापर्यंत फार खोल गेलेले नसते आणि मे महिन्यात तर पारा 45 अंशांपर्यंत चढतो. ऑक्टोबरमध्ये पाहणी केली की लागवड हिरवीगार दिसते, अहवाल चांगला जातो, आणि जूनमध्ये तेथे काठ्या उभ्या असतात. पाणी घातले तर रोपे टिकतात, पण साठ हेक्टरांवर, तेही उतारावर, टँकर फिरवणे कोणाला परवडणार?

म्हणून आधी जमिनीखाली काय शिल्लक आहे ते पाहावे. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की त्या ठेंगण्या झुडपांच्या बुडाशी वाकून माती थोडी बाजूला करा. वर वीतभर दिसणारा सागाचा किंवा तेंदूचा फुटवा जमिनीलगत मनगटाएवढ्या जाड, गाठाळ खुंटातून निघालेला आढळेल. कुऱ्हाड, वणवा आणि जनावरांचे दात यांनी वरचा भाग दर वर्षी गेला, तरी खालचे मूळ अनेक वर्षांचे असते आणि ते मुरमाच्या भेगांतून खोल उतरलेले असते. असा खुंट राखला, त्याच्या आठ-दहा फुटव्यांतले एक-दोन सरळ ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने काढले, तर तो फुटवा थोड्याच वर्षांत शेळीच्या तोंडापलीकडे जातो. कोणतेही रोपवाटिकेतले रोप या वेगाने वाढत नाही, कारण त्याच्यामागे तेवढे मूळच नसते.

मोजणी अवघड नाही. दोरी घेऊन दहा बाय दहा मीटरच्या चौकटी उताराच्या वर, मध्ये आणि खाली अशा वेगवेगळ्या जागी आखाव्यात आणि प्रत्येकीतले जिवंत खुंट जातवार लिहावेत. एका चौकटीत चार-पाच खुंट सापडले, तर ते हेक्टरी चारशे-पाचशे झाले. माझ्या मते तेथे खड्डे खोदण्याचे काही कारण उरत नाही. उलट जेसीबीने सलग समतल चर मारले, तर पाऊण फूट मातीच्या जमिनीत ते खुंट आणि गवताची मुळे दोन्ही उपटली जातात. चर खोदायचेच असतील तर ते खोल मातीच्या पट्ट्यात आणि हाताने खोदावेत. मातीची खोली कोठे किती आहे, यासाठी नागपुरातच अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, तेथे विचारणा करता येईल.

रायमुनिया नुसती कापू नये, कारण कापली की ती दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचवलेल्या पद्धतीत जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडतात आणि झुडूप उपटून, मुळे वर करून उलटे ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसाळ्यात गवताचे बी पडले पाहिजे, नाहीतर तरोटा आणि रानतुळस ती जागा बळकावतात. जुन्या झाडांखाली पक्ष्यांच्या विष्ठेतून रायमुनियाचे बी येतच राहते, त्यामुळे तेथील रोपे पुढची दोन-तीन वर्षे तरी हाताने उपटावी लागतात.

राज्यात 2016 ते 2019 या काळात लागवडीची उद्दिष्टे अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटी अशी वाढत गेली. त्या मोहिमेत मनापासून राबलेली माणसे मी पाहिली आहेत, परंतु हिशेब रोपांच्या संख्येत ठेवला की सगळ्यांचे लक्ष आकडा भरण्याकडे जाते, हेही पाहिले आहे. आपल्या गावाने तरी तो हिशेब स्वीकारू नये.

उत्तर : गवळाऊ

कोंढाळीकर भाऊ, जाळरेषा साहेबांचे खुंटांविषयीचे म्हणणे मला पटते. परंतु ‘राखणे’ हा शब्द ज्याच्या घरी जनावर नाही त्याला सोपा वाटतो. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या गवळाऊ गाई आहेत आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास केंद्र आहे, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहेच. ही जात माळावर आणि झुडपी जंगलात चरूनच टिकली, त्यामुळे चराई म्हणजे जंगलाचा शत्रू असे गृहीत धरून बैठकीला बसाल, तर गवळी आणि गोवारी मंडळी पहिल्याच दिवशी उठून जातील.

चाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. अडीचशे किलोच्या गाईला दिवसाला सुमारे सहा किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला दोन टनांहून थोडा अधिक. आजच्या अवस्थेत तुमच्या जमिनीवर हेक्टरी एक टनसुद्धा गवत निघत नसेल, आणि जे निघते ते दिवाळीपर्यंत संपते. पुढे गुरे तेथे फिरतात ती पोट भरण्यासाठी नव्हे, मोकळे राहण्यासाठी. तीच जमीन पावसाळ्यात बंद ठेवली, तर शेडा, मारवेल, पवन्या ही चांगली गवते दोन-तीन हंगामांत परत येतात आणि उत्पन्न कित्येक पटींनी वाढते. म्हणजे झाडांच्या आधी गवताचा लाभ गुरांच्या मालकाला होतो, आणि ज्यांच्यावर तुम्ही बंदी घालणार आहात त्यांनाच हे सर्वांत आधी समजावून सांगायला हवे.

मात्र साठच्या साठ हेक्टर एकाच वेळी बंद करू नका. वरचा, खुंट जास्त असलेला पंधरा-वीस हेक्टरांचा तुकडा पहिल्यांदा घ्या आणि बाकीचा चराईला खुला ठेवा. पहिल्या तुकड्यातले फुटवे जनावरांच्या तोंडाच्या वर गेले की तो हलक्या चराईला उघडून दुसरा बंद करा. काम लांबेल, पण तारेच्या कुंपणाचा निम्मा खर्च वाचेल आणि रात्री तार तोडण्याची वेळ कोणावर येणार नाही. हिवरे बाजारने चराईबंदी केली तेव्हा गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली होती, आणि बंदी टिकण्याचे ते मोठे कारण आहे.

कापणीची वेळ फार महत्त्वाची आहे. कुसळ तयार झाली की ते गवत जनावराच्या तोंडाला टोचते आणि गुरे ते टाकून देतात, म्हणून कापणी त्याआधी व्हायला हवी. पण सगळेच आधी कापले तर पुढच्या वर्षी बी कोठून येणार? त्यासाठी उताराला आडव्या पट्ट्या न कापता सोडाव्यात. आणखी एक गोष्ट अशी की बंद क्षेत्रात न कापलेले वाळके गवत म्हणजे वणव्याला आमंत्रणच. चराई बंद करून गवत तसेच ठेवणाऱ्या कित्येक जागा दुसऱ्या उन्हाळ्यात जळालेल्या मी पाहिल्या आहेत.

गवत वाटायचे कसे, हा खरा भांडणाचा मुद्दा. जनावरांच्या संख्येवर वाटले तर ज्याच्या गोठ्यात वीस म्हशी आहेत तोच सगळे नेईल. हरियाणातील सुखोमाजरी गावात बंधाऱ्याच्या पाण्याचा वाटा भूमिहीनांसह प्रत्येक घराला सारखा दिला होता आणि ज्याला नको तो आपला वाटा दुसऱ्याला विकू शकत होता. घर हे एकक धरले, तर शेळीवाल्या भूमिहीन घरालाही विकता येईल असे काहीतरी हाती लागते. रखवालीची मजुरीही आधी त्याच घरांना द्यावी, ‘काही तरुणांना’ नव्हे. शेळ्या सगळ्यांत जास्त नुकसान करतात हे खरे आहे, पण शेळी कोण पाळतो, हे पाहिल्याशिवाय नियम करू नये.

उत्तर : सिव्हिल लाइन्स

वरील चर्चा जंगलाच्या अंगाने उत्तम झाली आहे. मी नागपुरात वकिली करतो, म्हणून कागदपत्रांपुरते लिहितो.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगल हा जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींचा वारसा आहे. नोंद झुडपी जंगलाची असली, तरी वापर गावाच्या चराईचा आणि सरपणाचा असे. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात, 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाला अनुसरून, झुडपी जंगल हे वन म्हणूनच गणले जाईल असे स्पष्ट केले आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीने एखाद्या कंपनीशी परस्पर करार करून ही जमीन पाच वर्षांसाठी तिच्या ताब्यात देणे योग्य ठरणार नाही. काही झुडपी क्षेत्रे वनखात्याच्या ताब्यात आहेत, तर काही अजून महसूल खात्याकडे आहेत. तलाठ्याकडून सातबारा आणि निस्तार पत्रक या दोन्हींच्या नकला घ्या, कारण चराई, सरपण आणि गवत यांबाबत गावाची परंपरा काय होती, हे निस्तार पत्रकात लिहिलेले असते.

दुसरे असे की वनहक्क कायदा, 2006 च्या व्याख्येत अवर्गीकृत आणि मानीव (वन म्हणून गृहीत धरलेली) वनेही येतात. कलम 3(1)(झ) म्हणून मराठी प्रतीत दिसणारा, इंग्रजी प्रतीत ‘आय’ क्रमांकाचा हक्क गावाला परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार देतो. त्याच कलमात चराईचा सामूहिक हक्क वेगळा नमूद असून त्यात स्थायिक आणि भटके, असे दोन्ही पशुपालक येतात. दावा नमुना ‘ग’ मध्ये ग्रामसभेने करायचा, तो उपविभागीय समितीकडून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. गावात आदिवासी कुटुंबे नसतील, तर इतर पारंपरिक वननिवासींसाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा लागतो. तो जमवणे कष्टाचे आहे, पण येथेही ते जुने निस्तार पत्रक उपयोगी पडते.

या हक्काने काय साधते, ते अमरावती जिल्ह्यातील पायविहीर येथे पाहता येईल. त्या गावाला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, गावाने उजाड टेकडी राखली आणि तेथील सीताफळे शहरातल्या बाजारात नेऊन विकली. सीताफळाचा पाला शेळी खात नाही, ही त्या यशाची छोटीशी पण महत्त्वाची बाजू आहे.

उत्तर : मोहफूल

नमस्कार. आम्ही रामटेक तालुक्यात बायांचा बचत गट चालवतो आणि मोह, चारोळी, आवळा यांची खरेदी-विक्री करतो. बायांना कोणी विचारले नाही, हे वाचून लिहावेसे वाटले.

झाडाखालचा पाला जाळल्याशिवाय मोहाची फुले वेचता येत नाहीत, असे सगळीकडे समजले जाते आणि मार्च-एप्रिलमधले बरेच वणवे तेथूनच सुरू होतात. आमच्याकडे आता प्रत्येक झाडाखाली घेरापुरते झाडून पाला बाजूला ओढतात, आणि ज्यांना जमले त्यांनी जुन्या साड्या किंवा जाळी बांधली आहे. झाडलेल्या जागेवर फूल मातकट होत नाही आणि व्यापारी थोडा बरा भाव देतो. आगीच्या विरोधात शंभर भाषणे करण्यापेक्षा हा भावातला फरक कामाला येतो. तुमच्याकडे मोहाची झाडे मोजकीच आहेत, तर कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे ते आधीच ठरवून ठेवा.

चारोळीचे दुखणे वेगळे आहे. फळ पिकण्याआधीच तोडतात, कारण आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल हे प्रत्येकाला माहीत असते. कच्च्या फळाची गिरी बारीक निघते, भाव पडतो आणि खाली पडायला बी उरत नाही, म्हणून नवीन झाडही येत नाही. यावर आम्हाला एकच उपाय सापडला, तो म्हणजे तोडणीची तारीख ग्रामसभेने जाहीर करायची आणि त्याआधी तोडणाऱ्याचा माल गटाने घ्यायचा नाही. आवळ्यालाही हेच लागू आहे. तेंदूपत्त्याबाबत चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचा दाखला देता येईल. तेथील ग्रामसभेने छाटणी आणि आगीमुळे जंगलाची हानी होते म्हणून पत्ता तोडणेच थांबवले आणि बांबूच्या विक्रीवर भर दिला. सगळ्यांना ते झेपेल असे नाही, पण उत्पन्नाचे एक साधन सोडताना दुसरे हाताशी होते, हे लक्षात घ्यावे.

सरपणाचे म्हणाल, तर बंद तुकड्यातून निघालेली रायमुनिया आणि काढलेले फुटवे बायांनीच न्यावेत असे ठरावात लिहून घ्या. वाळलेली रायमुनिया चुलीत चांगली जळते. आणि ती ग्रामसभा सकाळी अकराला घेऊ नका, त्या वेळी बाया निंदणाला गेलेल्या असतात.

उत्तर : हिशेबनीस

कंपनीला थेट नकार देण्यापेक्षा तिच्या प्रस्तावाचा आराखडा बदलून मागावा, असे मी सुचवीन. मी एका संस्थेचे हिशेब पाहतो. सीएसआरच्या 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ म्हणजे सुरुवातीचे वर्ष वगळून जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रकल्प. मग पाच वर्षांच्या देखभालीचे जे आश्वासन दिले आहे, त्यातील शेवटच्या वर्षाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न लेखी विचारा. कुंपण आणि रोपांवर पहिल्याच वर्षी मोठी रक्कम खर्ची पडते, आणि नेमकी रखवालीची गरज असते तेव्हा पैसे संपलेले असतात.

त्याऐवजी रखवालदारांची मजुरी, जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे), रायमुनिया काढण्याची मजुरी, गवताचे बी आणि माल साठवण्यासाठी एखादे छोटे गोदाम या बाबींवर निधी मागा, आणि हप्ते रोपांच्या संख्येवर नव्हे, तर राखलेल्या हेक्टरांवर आणि उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या फुटव्यांच्या मोजणीवर बांधून घ्या. प्रस्तावात कोठे कार्बन क्रेडिटचा (झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या विक्रीचा) उल्लेख असेल, तर तो परिच्छेद वकील भाऊंना दाखवल्याशिवाय सही करू नका, कारण असे करार कित्येक दशकांचे असतात आणि त्या काळात चराईचा नियम बदलण्याची मुभाही गावाला राहत नाही.

कोंढाळीकर (पुन्हा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निस्तार पत्रकाच्या नकलेसाठी अर्ज दिला आहे आणि खुंटांची मोजणी जूनमध्ये करायची असे गवळी मंडळी, बागायतदार आणि बचत गटाच्या बायांनी एकत्र बसून ठरवले आहे. चौकटी कोठे आखायच्या हे गुराखीच दाखवतील, कारण कोणत्या नाल्यात काय फुटते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. ग्रामसभा संध्याकाळी ठेवण्याची विनंती सरपंचांना केली आहे.

एक शंका उरते. नाल्याच्या वरच्या अंगाला एक मोठा पट्टा असा आहे, जेथे खुंट नाहीतच. तेथे लागवड करावी की तो तसाच सोडावा?

जाळरेषा

पट्ट्यात खडक वर आला असेल तर तेथे झाडाचा हट्ट धरू नका, मारवेल आणि शेडा पसरू द्या. माती फूटभर किंवा अधिक असेल तर तेथे लागवड जरूर करावी, पण सरसकट तीन बाय तीनवर नव्हे. पळसाचे ताजे बी जूनमध्येच थेट पेरावे, पळसाला रोपवाटिका लागत नाही आणि गुरे त्याला फारशी तोंड लावत नाहीत. बेहडा, आवळा आणि बिबा यांची रोपे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, बोरीच्या किंवा इतर काटेरी झुडपाच्या आडोशाला लावावीत, म्हणजे कुंपणाचे काम झुडूपच करते. चारोळीचे बी जुने झाले की उगवत नाही, म्हणून मोहफूल ताईंच्या गटाकडून याच हंगामातले पिकलेले बी मागवून घ्या आणि कवच हलके फोडून लगेच पेरा.

बागायतदारांच्या रोही-रानडुकरांच्या धास्तीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून एवढेच सांगतो की पहिला बंद तुकडा संत्र्याच्या बागांना चिकटून घेऊ नका. मधला पट्टा गवत कापणीसाठी मोकळा ठेवा आणि पिकाचे नुकसान झाले तर पंचनाम्यासाठी वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा. उशीर झाला की भरपाईचा दावा अडकतो.